नेरची लेक, अमळनेरची भाडेकरीण

आमचे नेर म्हणजे यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचे नेर परसोपंत. यांची बदली अमळनेरला झाली तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, माहेरचं नाव तरी सासरी सोबत येईल!" नावात साम्य आहे खरे, पण अमळनेर पडले जळगाव जिल्ह्यात, बोरी नदीच्या काठी. नेरहून एस.टी.ने अमरावती गाठा, बडनेऱ्याला रेल्वे पकडा, भुसावळला उतरून सुरतकडे जाणारी गाडी धरा. मुलांसह आणि पिशव्यांसह निघालात तर अख्खा दिवस मोडला म्हणून समजा.

मैत्रिणींनो, कॉलेजच्या गावात भाड्याने राहणे म्हणजे काय, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. नेरला आमच्या घराची रस्त्याकडची खोली बाबा कॉलेजच्या मुलांना देत. जवळपासच्या खेड्यांतली मुले, घरून ज्वारीचे पीठ आणि तुरीची डाळ बांधून आणायची. परीक्षेच्या दिवसांत त्यांचा दिवा रात्री दोनपर्यंत जळत असे आणि आई अंथरुणात पडल्यापडल्या विजेच्या बिलाचा हिशेब करी. मी त्याच कॉलेजातून बी.ए. झाले, पण शेजारच्या खोलीतल्या त्या मुलांना आमच्या घराबद्दल काय वाटत असेल, हा विचार कधी मनात आला नाही.

तो आला २०२१ साली, अमळनेरला पहिले बिऱ्हाड मांडल्यावर. घर स्वच्छ, शाळा जवळ. मालकांनी डिपॉझिट घेतले आणि म्हणाले, "कागदाचं काय एवढं? आपण घरचीच माणसं." वर्षाने घर सोडताना मात्र घरचेपण संपले. भिंतीला खिळे ठोकले, रंग काढावा लागेल, असे म्हणत जवळजवळ निम्मे डिपॉझिट कापून घेतले. खिळे तीन होते! त्यातले दोन आमच्या आधीपासूनचे. पण दाखवायला हातात कागद कुठे होता?

तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. करार नोंदवला नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. आता ही नोंदणी ऑनलाइनही होते. घरात शिरताना भिंती, नळ, कड्या यांचे फोटो काढून मालकांनाही पाठवून ठेवा. ते थोडे रागावतील. रागावू देत.

दुसरे घर मिळाले ते एका म्हाताऱ्या मावशींच्या माडीवर. त्या खाली एकट्या राहत, मुलगा नाशिकला. पहिल्याच सकाळी जिन्यातून हाक आली, "काय करी राहिनी, माय?" मला वाटले, आमच्या शेजारची काकूच विचारते आहे, "काय करून राह्यली वं?" अहिराणी मला येत नव्हती, पण त्या 'राहिनी'ने वऱ्हाडी कानाला ओळख पटली. कळण्याची भाकरी मी त्यांच्याकडून शिकले. माझी पाटवडी त्यांना आवडायची, रस्सा मात्र आमचा वऱ्हाडी मिळमिळीत वाटायचा. (हे ऐकून नेरची मंडळी चिडतील!)

गाव हळूहळू उलगडत गेले. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. एवढ्याशा गावात तत्त्वज्ञान शिकायला लांबून माणसे यायची. साने गुरुजीही त्यासाठीच इथे आले. पुढे १९२४ ते १९३० ते इथल्या हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाचे काम पाहायचे. मुलांची अंथरुणे आवरायची, कपडे धुवायचे, रोज त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय' नावाचे दैनिक काढायचे. परगावच्या पोराने घर सोडून राहायचे म्हणजे काय, हे त्यांना कळत होते. मी एका शाळेत तासांवर मराठी शिकवते. वर्गात हे सांगताना मला दर वेळी आमची रस्त्याकडची खोली आठवते. १९४५ साली प्रताप कॉलेज निघाले आणि त्याच साली वनस्पती तुपाचा तो कारखानाही, ज्याची पुढे 'विप्रो' झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये ९७वे मराठी साहित्य संमेलन याच कॉलेजच्या आवारात भरले. आमच्या माडीवर माहेरची सात माणसे तीन दिवस मुक्कामाला होती आणि मावशींनी पाण्याचा एक शब्द काढला नाही. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, म्हणजे हे केवढे मोठे मन ते समजा.

अक्षय्य तृतीयेला, इथल्या 'आखाजी'ला, सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. मला नेरला जाणे जमले नाही तेव्हा मावशींनी अंगणातल्या निंबाला दोर टाकून मलाच बसवले. पण कानबाईच्या वेळी वेगळे घडले. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट होतात आणि ते भाऊबंदांबाहेर देत नाहीत. रात्रभर मी गाणी म्हटली, फुगड्या खेळले. रोटाची वेळ झाली तशी मावशी हळूच म्हणाल्या, "तुनासाठे येगळी पुरणपोळी करस." मला राग आला नाही, पण जिना चढताना पायरी न् पायरी मोजली गेली.

गेल्या वर्षी मावशींचा मुलगा आला. कुटुंबाला माडी देण्याऐवजी सहा खाटा टाकून मुलांना दिली तर खाटेमागे पैसे घेता येतात, दुपटीच्या आसपास भाडे सुटते. हिशेब बरोबर होता. आमच्या बाबांनीही तोच केला असता. करार नोंदवलेला होता, त्यात नोटिशीची मुदत होती, म्हणून मुलांच्या परीक्षा होईपर्यंत राहता आले आणि डिपॉझिट पुरते परत मिळाले. मावशी काही बोलल्या नाहीत. सामान निघाले त्या दिवशी त्या देवघरातच बसून होत्या.

आम्ही दोन गल्ल्या पलीकडे राहतो. माझी तुळस तिथेच गच्चीवर राहिली, कुंडी कठड्यात बांधलेली होती. आईला फोनवर हे सांगितले तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याकडच्या त्या पोरांनीही मागे एक जास्वंद लावली होती. मी उपटून टाकली."

परवा त्या माडीवरचा एक मुलगा पत्ता विचारत दारात आला. धुळ्याकडच्या खेड्यातला, पहिल्या वर्षाचा. "ताई, आजीनं पाठवलं. नळ कोणत्या वारी येतो, ते तुम्हाला विचार म्हणाली." मावशींना वार माहीत नाहीत असे थोडेच आहे! मी त्याला वार सांगितले, मोठा हंडा उसना दिला आणि तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायला सांगितले.