कॉपी, नक्कल आणि आपण मोठी माणसं

आमच्या घरात कॉपीला 'नक्कल' म्हणतात. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हा शब्द दरवर्षी एकदा तरी वर्गात येतोच. मराठीत नक्कल म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्या-चालण्याची हुबेहूब उचल, किंवा मग तहसील कचेरीत अर्ज करून, फी भरून मिळते ती कागदाची प्रत, असं मी सांगते. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे फी भरली तर नक्कल चालते?" सगळा वर्ग हसला. मलाही हसू आवरलं नाही. पण यवतमाळ जिल्ह्यात वीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला या प्रश्नावर फार वेळ हसता येत नाही.

माझे दादाजान दारव्ह्याकडच्या एका खेड्यात शिकले. इंग्रजांचं राज्य होतं, आपला भाग वऱ्हाडात मोडत होता. लेखी परीक्षा फारशी नसायचीच. वर्षातून एकदा डिप्टीसाहेब यायचे. त्याआधी आठ दिवस शाळा शेणाने सारवली जायची, पोरांच्या डोक्याला तेल लागायचं, पाट्या कोळशाने घासून काळ्याकुट्ट व्हायच्या. डिप्टीसाहेब खुर्चीवर बसून एकेकाला उभं करायचे आणि पाढा, बेरीज, एखादा उतारा विचारायचे. दादाजान मजेने सांगायचे की साहेबांच्या पाठीमागे उभे असलेले मुन्शीजी बोटांनी उत्तर दाखवायचे. चार बोटं, मग मूठ, मग दोन बोटं, असं. पोरांना ती खूण आठवडाभर आधी शिकवलेली असायची. मुन्शीजींची बढती त्या दिवसावर ठरायची, हे दादाजानना मोठेपणी उमगलं.

मी हे मुद्दाम लिहिते आहे. 'आमच्या काळी असं नव्हतं' हे वाक्य आपल्या घरांतून फार ऐकू येतं, आणि ते पूर्ण खरं नाही.

अब्बांची गोष्ट वेगळी. ते १९६९ साली मॅट्रिकला बसले. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. दहावीचं बोर्ड १९७५ पासून आलं. तालुक्याला केंद्र, म्हणून एका दूरच्या खालाकडे पंधरा दिवस मुक्काम, सोबत वळकटी आणि कंदील. केंद्रावर एका मुलाच्या टोपीत चिठ्ठी सापडली. त्या मुलाचं पुढे लग्न ठरताना, जमिनीचा वाद निघाला तेव्हा, अगदी हजला निघाले तेव्हासुद्धा 'तोच तो टोपीवाला' असं लोक म्हणत राहिले. अब्बा स्वतः इंग्रजीत नापास झाले. नागपूरच्या पेपरात नंबर आला नाही, म्हणून घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. मग ऑक्टोबरची वारी करून ते सुटले आणि एसटीत कंडक्टर म्हणून लागले. ते मॅट्रिकचं प्रमाणपत्र आमच्याकडे अजून फ्रेममध्ये आहे. त्यावर थर्ड डिव्हिजन लिहिलेलं आहे आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही.

मी १९९६ ला दहावी दिली. तोवर काय झालं होतं ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. महाराष्ट्राने १९८२ मध्येच परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला होता, पण आमच्या केंद्राच्या मागच्या भिंतीपर्यंत तो काही पोचला नव्हता. पेपर सुरू झाला की अर्ध्या तासात गाईडची फाडलेली पानं खिडकीतून येऊ लागायची. आणणारे कोण? कुणाचा चाचा, कुणाचा मोठा भाऊ, कुणाचा होणारा दुल्हाभाई. एकीच्या भावाने मोठ्या हिमतीने पाइपावर चढून बीजगणिताच्या पेपराला इतिहासाची पानं टाकली. ती बिचारी तीन तास शिवाजी महाराजांची राज्यव्यवस्था मांडीवर घेऊन बसली होती. झेरॉक्सवाले तीच पानं बारीक करून विकायचे. पोलीसदादा काठी आपटत एक फेरी मारायचे आणि पानटपरीवर जाऊन बसायचे. मी कॉपी केली नाही. त्याचं कारण माझं ईमान नव्हे, अब्बा होते.

दादाजानच्या काळात मुन्शीजींनी लपून बोटं दाखवली. अब्बांच्या काळी मुलाने घरच्यांपासून लपवून टोपीत चिठ्ठी ठेवली. माझ्या काळात मात्र घरचेच भिंतीवर चढले, तेही दिवसाढवळ्या, आणि संध्याकाळी चौकात त्याचे किस्से सांगितले. २०१५ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातला फोटो जगभर गेला. चार मजली शाळा आणि प्रत्येक खिडकीला लोंबकळलेले बाप-भाऊ. आपल्याकडे लोक तो बघून हसले. मला आमची भिंत आठवली, ती तेवढी उंच नव्हती इतकंच.

पैनगंगेपलीकडे नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी २०१० च्या सुमाराला कॉपीमुक्त अभियान जोरात चालवलं. निकाल धाडकन खाली आला, आणि मुलं खरं तर किती शिकतात ते पहिल्यांदा दिसलं. पुढे राज्यभर त्याचं नाव झालं. आमच्याकडे शिक्षकांच्या खोलीत मात्र वेगळीच चर्चा ऐकू यायची: निकाल पडला तर पुढल्या वर्षी मुलं कुठून आणायची? तुकड्या टिकल्या नाहीत तर कोण अतिरिक्त ठरणार? मुन्शीजींची बढती आणि आमची तुकडी यात मला फार फरक दिसत नाही.

केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून मी अनेक वर्षं उभी राहिले आहे. त्यातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. भरारी पथक आलं. एका मुलीच्या कंपासमध्ये उर्दूत लिहिलेली घडी केलेली चिठ्ठी मिळाली. साहेबांना उर्दू येत नाही, केंद्रसंचालकांनाही येत नाही. मुलगी रडू लागली. मला शेजारच्या खोलीतून बोलावलं. चिठ्ठीवर इल्म वाढावं म्हणून पढायची दुआ होती, आजीच्या हातची. मी अर्थ सांगितला. साहेब भले होते, त्यांनी चिठ्ठी परत केली आणि म्हणाले, "आमच्या आईनेही अंगारा दिला होता." दोन वर्षांनी दुसऱ्या एका मुलानेही 'मॅडम, दुआ आहे' असं सांगून चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर ओहमचा नियम होता. तोही उर्दूतच, आणि तोही चुकलेला. नक्कल के लिए भी अक्ल चाहिए, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी शिक्षणमंत्री दादा भुसे यांना पत्र लिहून दहावी-बारावीच्या केंद्रांवर बुरख्याला बंदी घालण्याची मागणी केली. कारण कॉपी. त्या आठवड्यात कितीतरी आयांचे मला फोन आले. "बाजी, मुलीला पाठवू की नको?" एक तर म्हणाली, यंदा राहू दे, पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षी म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. मधल्या काळात स्थळ येतं. मी सगळ्यांना एकच सांगितलं. दारावर बाई माणूस असते, आडोशाला नेते, हॉल तिकिटावरचा फोटो आणि चेहरा बघते, तपासते. दोन मिनिटांचं काम. ते मी स्वतः इतकी वर्षं करते आहे. त्यात मुलींनी कधी हुज्जत घातली नाही. कॉप्या मला मोज्यांत मिळाल्या, पॅडच्या मागे मिळाल्या, मुलांच्या फुल बाह्यांत मिळाल्या, ओढणीतही मिळाल्या. सर्व धर्मांच्या लेकरांकडे मिळाल्या. तपासणी कडक करा, माझं काहीच म्हणणं नाही. पण त्यासाठी मुलीला घरी बसावं लागेल अशी भीती कुणी घालू नये. ज्या मुलींना मी फोनवर समजावलं, त्या सगळ्या बसल्या. मार्चमध्ये रमजान सुरू झाला तेव्हा त्यांच्यातल्या काही सहरी करून, रोजा ठेवून पेपरला यायच्या.

आणि त्याच वर्षी, २१ फेब्रुवारीला, दहावीच्या पहिल्याच दिवशी, मराठीचा पेपर मोबाईलवर फिरल्याच्या बातम्या आल्या. जालन्याचं नाव होतं आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावचंही. माझाच विषय, माझाच जिल्हा. परीक्षेच्या खोलीत मुलांकडे मोबाईल नसतो. दोन वर्षांआधी, मार्च २०२३ मध्ये, बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला बारावीच्या गणिताची पानं अशीच बाहेर गेली होती, तेव्हा अटक झालेल्यांत शिक्षक होते. पूर्वी मुलांना प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं आधी मिळायची. पेपर बाहेर जातो म्हणून २०२३ पासून ती सवलत बंद झाली आणि दहा मिनिटं शेवटी जोडली गेली. मोठ्यांच्या चोरीची भरपाई लेकरांनी केली.

शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रकरण तर २०२१ च्या शेवटी उघडं पडलं. पैसे देऊन पास झालेल्या सात हजारांहून जास्त उमेदवारांवर पुढे कारवाई झाली. मास्तर होण्याच्या परीक्षेतच! ती बातमी वाचली त्या दिवशी मला वर्गात 'प्रामाणिकपणा' या विषयावर निबंध घ्यायचा होता. मी 'पावसाळ्यातील एक दिवस' घेतला.

टक्क्यांचंही बोलायला हवं. २०१८ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले, तर निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली. गुण परत दिले, २०२० ला निकाल ९५.३० टक्के! २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच नव्हती, तेव्हा ९९.९५ टक्के मुलं पास झाली. २०२५ ला ९४.१०. या वीस गुणांत कुणी चिठ्ठी नेत नाही, भिंत चढत नाही, भरारी पथक येत नाही. बहुतेक ठिकाणी सगळ्यांना अठरा, एकोणीस, वीस. प्रकल्पाच्या वह्या आता मोबाईलमधली एआय लिहून देते. इतकं शुद्ध मराठी असतं की मला वाचताना माझीच भीती वाटते. मी तोंडी परीक्षा खरोखर घेते. मुलाला उभं करून विचारते, पोस्टात जाऊन तक्रार कशी सांगशील, बोलून दाखव. एकेकाला पाच मिनिटं लागतात. मुख्याध्यापक घड्याळ बघतात.

यंदाच्या मे महिन्यात माझी थोरली नणंद घरी आली. आपांचा मुलगा बारावीला आहे. शिकवणी लातूरला, नीटची. नाव मात्र आपल्या भागातल्या एका खेड्यातल्या ज्युनियर कॉलेजात, जिथे त्याने अजून वर्गाचं दार पाहिलेलं नाही. नीटसाठी बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के पुरतात, म्हणून बारावीचं कुणाला पडलेलं नाही. तिथले केंद्रसंचालक माझ्यासोबत बीएडला होते. आपांचं म्हणणं साधं होतं. "तू एक फोन कर. लेकराला जरा सांभाळून घ्या म्हणाव. त्याचा वेळ वाचेल."

मी म्हटलं, "आपा, हे माझ्याने व्हायचं नाही."

त्या चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मास्तर लोक गावभरच्या पोरांना वीसपैकी वीस देता. प्रॅक्टिकलचे तीसपैकी तीस देता. माझ्याच लेकराच्या वेळेला ईमान आठवलं?"

हे ऐकायला सोपं नव्हतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. मी एवढंच सांगितलं की इतर काय करतात ते मी थांबवू शकत नाही, पण माझ्या फोनवरून हे होणार नाही. आणि हेही सांगितलं की मुलगा डॉक्टर व्हायला निघाला आहे. कधी तरी कुणाच्या अम्मीची नाडी त्याच्या हातात असेल. आपा म्हणाल्या, "नीट तो मेहनतीने काढेल, बारावी काय." आमचे हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं, बोलले काही नाही.

रात्री भाच्याचा मेसेज आला. "मुमानी, अम्मीला सांगू नका. मराठीचं पत्रलेखन आणि बातमी मला येत नाही. व्हिडिओ कॉलवर शिकवाल का?" आता दर रविवारी ईशाच्या नमाजनंतर तो लातूरहून फोन लावतो. बातमी त्याला बरी जमते. पत्रात मायना चुकतो. मोठ्यांना 'तीर्थरूप' लिहायचं की 'आदरणीय', यावर आमचे दोन रविवार गेले.

बकरीदला आपांकडून हिस्सा आला. त्या स्वतः आल्या नाहीत.