रोजचे अठ्ठेचाळीस रुपये

दर रविवारी रात्री नऊ वाजता बाबांचा आणि पुण्याच्या आत्याचा फोन होतो. सुरुवात तब्येतीने होते, मग कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, आणि शेवटी गाडी लाईटबिलावर येते. दोघंही आता ज्येष्ठांसाठी बांधलेल्या संकुलांत राहतात. बाबा इथे बडोद्यात, आत्या पुण्यात. जेवण खालच्या भोजनगृहात, औषधं वेळेवर, किराणा जवळजवळ नाहीच. स्वतःच्या हातात राहिलेला एकमेव खर्च म्हणजे वीज. त्यामुळे बोलायलाही तोच उरतो.

कित्येक महिने आत्याची ठाम समजूत होती की बडोद्यात वीज महाग आहे. "अरे दादा, माझं अकराशे येतं आणि तुझं सोळाशे ऐंशी? आणि लोक म्हणतात गुजरातेत स्वस्ताई!" बाबाही निमूट ऐकून घेत. मी एकदा सहज बिल हातात घेतलं तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे एमजीव्हीसीएलचं बिल दोन महिन्यांचं येतं, महावितरणचं दर महिन्याला. म्हणजे बाबांचे महिन्याचे आठशे चाळीस आणि आत्याचे अकराशे, आणि दोघांचा वापर साधारण तेवढाच, एकशेवीस युनिट. मी हे आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग दादाला इतके दिवस गप्प बसायला काय झालं होतं?"

हा सगळा विनोदच राहिला असता, पण 2025 च्या मे महिन्यात बाबा पडले.

दुपारी तीनची वेळ. बाथरूमच्या दाराशी चक्कर आली आणि कपाळ चौकटीवर आपटलं. शेजारच्या काकांनी आवाज ऐकला म्हणून बरं. दोन दिवस दवाखान्यात काढले. सोडियम कमी झालेलं, अंगातलं पाणी कमी झालेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांच्या खोलीत दुपारी काय असतं?" मी म्हटलं, एसी आहे. आम्हीच दोन वर्षांपूर्वी बसवून दिला होता. घरी आणल्यावर रिमोट शोधला, तो कपाटात प्लास्टिकच्या पिशवीसकट मिळाला. त्यातला सेल सुद्धा कुणी बसवला नव्हता.

बडोद्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. बेचाळीस अंश बाहेर, आणि वरच्या मजल्याची स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेली. त्यात हा एकोणऐंशी वर्षांचा माणूस पंख्याखाली ओला पंचा घेऊन बसायचा आणि आम्हाला फोनवर सांगायचा, "मस्त थंडगार आहे इकडे."

भाऊ पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, बाबांना तिकडे आत्याच्या संकुलात आणू, हवा तरी बरी आहे. मी म्हटलं, आधी हिशोब मांडू. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, आकडा दिसल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. मी दोन्हीकडचं दरपत्रक काढलं आणि एक रात्र त्यात घातली.

तेव्हा लक्षात आलं की आपण म्हातारपणाचं घर घेताना सगळं विचारतो. लिफ्ट किती, ॲम्ब्युलन्स आहे का, जेवणात कांदा-लसूण असतो का. वीज कुणाची, हे कुणी विचारत नाही. मुंबईच्या उपनगरांत टाटा की अदाणी असं निवडता तरी येतं. बाकी आपल्या सगळ्यांना पत्ता ठरला की कंपनी ठरते. आणि दोन शहरांच्या दरांचा नुसता आकडा बघून काही कळत नाही, पायऱ्या कशा चढतात ते बघावं लागतं.

आपल्याकडे शहरी घरगुती दर पहिल्या 50 युनिटना 3 रुपये 5 पैसे, पुढच्या 50 ना साडेतीन, मग अडीचशेपर्यंत 4 रुपये 15 पैसे, आणि त्यावर 5 रुपये 20 पैसे. ऐकायला फारच गोड. पण प्रत्येक युनिटवर वेगळा फ्युएल चार्ज लागतो, त्या उन्हाळ्यात तो 2 रुपये 45 पैसे होता, आणि सगळ्यावर 15 टक्के विद्युत शुल्क. म्हणजे खरा भाव सात-आठ रुपये. तरी पायऱ्या बेताच्या, चढताना धाप लागत नाही.

महावितरणचा 2024-25 चा दर असा, की शंभर युनिटपर्यंत 4 रुपये 71 पैसे आणि शंभराच्या पुढे एकदम 10 रुपये 29 पैसे. तीनशेच्या पुढे साडेचौदा. त्यावर युनिटमागे 1 रुपया 17 पैसे वहन आकार, सव्वाशेच्या पुढे स्थिर आकार, आणि 16 टक्के शुल्क. ही पायरी नाही, हा कठडा आहे. (इंदूरची मावशी याहून वेगळ्या कठड्यावर उभी असते. तिकडे महिन्याचा वापर दीडशे युनिटच्या आत राहिला तर पहिल्या शंभर युनिटना फक्त शंभर रुपये. दीडशे ओलांडले की ती सवलत गेलीच. महिनाअखेर मावशी मीटरकडे अशी बघते जसं आपण दुधाकडे बघतो, उतू जाईल म्हणून.)

आता एसी. दीड टनाचा चांगल्या प्रतीचा एसी कडक उन्हाळ्यात तासाला साधारण एक युनिट खातो. रोज सहा तास धरले तर महिन्याला 180 युनिट. बाबांचे एकशेवीस अधिक हे, म्हणजे तीनशे. बडोद्याच्या दराने तीनशे युनिटचं बिल येतं सुमारे 2,265 रुपये. एसीशिवायचे 840 वजा केले तर एसीचे 1,425. दिवसाला अठ्ठेचाळीस रुपये. हेच पुण्यात केलं तर दिवसाला ऐंशी.

उन्हाळ्याचे अडीच महिने धरा. साडेतीन हजारांच्या आसपास. दवाखान्याच्या दोन दिवसांचं बिल मी इथे लिहीत नाही, पण त्यात बाबांचे पुढचे सात-आठ उन्हाळे आरामात निघाले असते.

कागद घेऊन मी बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, बेरीज तपासली, फ्युएल चार्जवर शुल्क लावायला मी विसरले नाही ना ते पाहिलं. म्हणाले, "बरोबर आहे." आणि कागद घडी करून पंचांगात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी न सांगता गेले तर पंखा आणि ओला पंचा.

त्याच आठवड्यात संकुलाची सभा होती, गच्चीवर सोलर बसवायचं की नाही यावर. बाबांना एकटं पाठवायला नको म्हणून मी सोबत गेले. तिथे मला कळलं की माझ्या हिशोबात अर्धंच बिल होतं. दुसरं अर्धं मेंटेनन्समध्ये लपलेलं असतं: लिफ्ट, पाण्याचे पंप, भोजनगृह, जिन्यातले दिवे आणि जनरेटर. ते चाळीस घरांत सारखं वाटलं जातं. तुम्ही अंधारात बसा नाहीतर झुंबर लावा, वाटा तोच.

जनरेटरचा आकडा ऐकून तर मी चाटच पडले. लिटरभर डिझेलमधून तीन-साडेतीन युनिट निघतात, म्हणजे युनिटला पंचवीस-तीस रुपये. एका गृहस्थांनी म्हटलं, बंदच करा तो. तर एक आजी उठल्या. त्यांच्या यजमानांना ऑक्सिजनचं यंत्र चोवीस तास लागतं. त्या म्हणाल्या, "ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री गावात शिरली तेव्हा आपल्याकडे वीज किती वेळ नव्हती, आठवतं ना? मी त्या आवाजाकडे कान लावून बसले होते. तो थांबला असता तर?" त्यानंतर जनरेटरवर कुणी बोललं नाही. त्या यंत्राला दिवसाला आठ युनिट लागतात, महिन्याला अडीचशे. काटकसर करायची म्हटली तरी कुठे करणार त्या?

सोलरचं गणित सरळ होतं. 20 किलोवॅटचं कोटेशन दहा लाखांचं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं, म्हणजे 3 लाख 60 हजार. उरलेले घरटी सोळा हजार. वीज दिवसाला सरासरी ऐंशी युनिट. तीन वर्षांत पैसे वसूल, पुढे मेंटेनन्स महिन्याला साडेचारशेनं कमी.

"तीन वर्षं!" मागून एक काका म्हणाले. "मी चौऱ्याऐंशीचा आहे. वसुलीला कुणाला पाठवू?" सगळे हसले. ऑक्सिजनवाल्या आजी म्हणाल्या, "मी माझा चेक आजच देते. मागून मुलं देतील याची खात्री नाही." यावर जरा जास्तच शांतता झाली. बाबा सभेत कधी बोलत नाहीत, पण ते उठले आणि म्हणाले, "माझा वाटा मी देतो. माझ्या खात्यातून."

"माझ्या खात्यातून" हे शब्द मी तिथे ऐकले, पण कळले घरी जाताना.

लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "माझ्या खोलीचं लाईटबिल तुझ्या मोबाईलमधून जातं ना?" हो, जातं. ते राहायला आले तेव्हाच मी ऑटो-पे लावून टाकलं होतं. त्यांना रांगेत उभं राहायला नको, ॲप उघडायला नको, एवढाच विचार. चांगलंच केलं असं मला वाटत होतं.

मग त्यांनी दांडिया बाजारातल्या वाड्याची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. सात बिऱ्हाडं आणि मालकाचा एकच मीटर. बिल दिव्यामागे वाटलं जायचं, एका बिऱ्हाडाला एक दिवा. वाटणीचं काम आजोबांकडे, कारण त्यांचं अक्षर चांगलं. एका उन्हाळ्यात आजी आजारी होती म्हणून आजोबांच्या मित्राने टेबलफॅन आणून दिला. तो चार दिवस चालला. पाचव्या दिवशी चौकात कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "हिशोब लिहिणाऱ्याचा पंखा आमच्या पैशावर फिरतो." आजोबांनी पंखा त्याच संध्याकाळी परत नेऊन दिला. आजी पुढे बरी झाली, पण बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि रात्रभर पुठ्ठ्याने वारा घालायचं काम त्यांच्याकडे होतं.

"म्हणून तुम्ही एसी लावत नाही?" मी विचारलं.

"तसं काही नाही," बाबा म्हणाले. "पण दुसऱ्याच्या बिलावर थंड व्हायला बरं वाटत नाही."

मला रागच आला, खरं सांगते. दुसऱ्याच्या? मी दुसरी? दारापर्यंत मी बोलले नाही. मग घरी येऊन रात्री ऑटो-पे काढून टाकलं. सकाळी त्यांच्या पेन्शनच्या खात्याला जोडून दिलं, आणि बिलाचा मेसेज त्यांच्याच फोनवर जाईल असं केलं. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एवढंच होतं? मी तर पुण्यात फ्लॅट बघून ठेवला." त्याला म्हटलं, राहू दे तूर्तास. बाबांना इथली गुजराती डाळ आणि शेजारचे काका सोडवणार नाहीत, आणि पुण्याच्या कठड्यावर त्यांना उभं करायची माझी हिंमत नाही.

रिमोटमध्ये सेल घातले. पहिल्या दिवशी बाबांनी एसी एक तास लावला. दुसऱ्या दिवशी दोन. रोज सकाळी सात वाजता खाली जाऊन मीटरचं रीडिंग घेतात आणि जुन्या डायरीत लिहितात, आजोबांसारख्याच टपोऱ्या अक्षरात. माझा तासाला एक युनिटचा अंदाज त्यांनी खोडून काढला. एसी सव्वीसवर ठेवून पंखा हळू लावला तर पाऊण युनिटच लागतं, असं त्यांचं निरीक्षण. शेजारच्या काकांनाही आता सव्वीसवरच ठेवायला लावलं आहे.

परवाच्या रविवारी फोन स्पीकरवर होता. आत्या म्हणाली, "दादा, मी दिवसाला ऐंशी मोजते आणि खुशाल लावते. तू अठ्ठेचाळीसला घाबरत होतास?"

"अठ्ठेचाळीस नाही," बाबा म्हणाले, "सव्वीसवर ठेवलं तर छत्तीस. लिहून घे."

आत्याने खरंच पेन शोधायला घेतलं. मग विचारलं, "आणि बिल किती आलं?"

"अजून यायचंय. आमचं दोन महिन्यांचं असतं. आलं की आधी भागिले दोन कर आणि मग बोल."