अडत कोणाची, जोखीम कोणाची?

आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या बीडच्या मोंढ्यातील अडतीवर जगल्या. त्यामुळे ‘मध्यस्थ’ हा शब्द आम्हांला कधी हलका वाटला नाही. तूर, मूग, सोयाबीन घेऊन येणारा शेतकरी आणि परगावचा खरेदीदार यांच्यामध्ये कोणीतरी विश्वासाने उभे राहावे लागते, हे आम्ही गादीवर बसतानाच शिकलो. मात्र त्याच मध्यस्थापुढे ग्राहक म्हणून उभे राहिल्यावर काय वाटते, हे गेल्या हिवाळ्यात, घरापासून फार दूर, कोचीच्या बंदरात समजले.

सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करू लागले. जहाजावर जैन भोजनाची सोय असल्याने आपल्या समाजातील अनेक कुटुंबे या प्रवासाकडे वळली. चातुर्मास संपल्यावर आम्हीही निघालो. आईचे वय शहात्तर. समुद्राचे तिला विशेष आकर्षण नव्हते. तिची इच्छा एकच होती : कोचीला उतरल्यावर मट्टनचेरीतील धर्मनाथ जिनालयाचे दर्शन घडावे. मसाल्याच्या व्यापारासाठी गुजरातेतून येऊन तेथे स्थायिक झालेल्या जैन बांधवांनी १९०४ साली उभारलेले हे मंदिर. दुपारी बाराच्या सुमारास तेथे कबुतरांना दाणे घालतात, हेही तिने कोठेतरी ऐकले होते.

जहाज बंदराला लागल्यावर गाव पाहण्याचे तीन मार्ग असतात. पहिला, जहाजाच्याच कंपनीकडून सहल घेणे. ती महाग पडते. परंतु त्या सहलीची गाडी वाटेत अडकली तर जहाज सामान्यतः तिच्यासाठी थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. दुसरा मार्ग संकेतस्थळांचा. तेथे शेकडो सहली मांडलेल्या असतात, प्रवाशांचे अभिप्राय असतात, भावही बरा असतो. ही संकेतस्थळे स्वतः गाडी चालवीत नाहीत. स्थानिक गाडीवाल्याला गिऱ्हाईक मिळवून देतात आणि त्याबद्दल साधारण वीस ते तीस टक्के कापून घेतात. तिसरा मार्ग, त्या गाडीवाल्याशी स्वतः बोलून थेट ठरविणे.

चिरंजीवांनी दुसरा मार्ग निवडला. जहाजाच्या दरापेक्षा पाव हिस्सा स्वस्त पडत होते. आहाराच्या रकान्यात ‘शाकाहारी’ एवढाच पर्याय होता. कांदा, लसूण, कंदमुळे नकोत, हे लिहायला जागा नव्हती. यादीत मट्टनचेरीच्या १५६८ सालच्या सिनेगॉगचेही नाव होते. आम्ही पोहोचणार होतो शनिवारी, आणि ज्यूंचे ते प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असते. या दोन गोष्टींवरूनच आम्ही सावध व्हायला हवे होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी जहाजाची वेळ बदलली. सकाळी सातऐवजी दहाला ते कोचीस लागणार होते. चिरंजीवांनी तत्काळ संकेतस्थळाला कळविले. ‘आपली विनंती पुढे पाठविली आहे,’ असे उत्तरही आले. दहा वाजता आम्ही विलिंग्डन बेटावरील धक्क्याबाहेर आलो, तर गाडी नव्हती. पावतीवरचा क्रमांक दूरच्या एका कॉल सेंटरचा निघाला. तिकडून कळले की प्रवासीच आले नाहीत, सबब पैसे परत मिळणार नाहीत. बऱ्याच खटपटीने गाडीवाल्याचा क्रमांक मिळाला. तो बिचारा सात वाजता येऊन तासभर थांबला होता आणि आम्ही न दिसल्याने दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन गेला होता. वेळ बदलल्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

आई सकाळपासून निराहार होती. देवदर्शनाखेरीज ती अन्न घेत नाही. ती बाकावर शांत बसली होती आणि तिच्या शांततेनेच मला अधिक लाज वाटत होती. अखेर अकरा वाजता दुसरी टॅक्सी ठरविली, पूल ओलांडून मट्टनचेरी गाठले. दर्शन झाले. अंगणात कबुतरे उतरली तेव्हा आईच्या चेहऱ्यावरचा शीण मावळला. मिरीच्या वायदेबाजारासाठी १९५७ पासून नावाजलेली ती पेठ निवांत पाहण्याचे मात्र राहून गेले. जहाजाची वेळ डोक्यावर होती.

परतताना वडिलांची एक गोष्ट आठवत होती. माझ्या लहानपणी परगावच्या एका डाळमिलवाल्याने तुरीचे पैसे बुडविले. शेतकऱ्यांच्या पट्ट्या आमच्या पेढीच्या नावाने फाटल्या होत्या. वडिलांनी आईचे दागिने गहाण ठेवून प्रत्येक पट्टी चुकती केली. ‘अडत घेतली, तर बुडीतही आपलेच,’ एवढेच ते म्हणाले. मध्यस्थाची कमाई निरोप पोचविण्याची आणि जोखीम उचलण्याची असते. आम्हांला भेटलेल्या मध्यस्थाने कमाई घेतली. निरोप आणि जोखीम मात्र आमच्यावर आणि गाडीवाल्यावर सोडून दिली.

म्हणून थेट व्यवहारच नेहमी चांगला, असे मी म्हणणार नाही. मोंढ्यातील माझ्या एका स्नेह्याने सहलीसाठी थेट आगाऊ रक्कम पाठविली. तो क्रमांकच बनावट निघाला. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी तर प्रवेशालाच परवाना लागतो, जहाज दूर उभे राहते आणि लहान होडीतून किनाऱ्यावर जावे लागते. तेथे जहाजाचीच व्यवस्था शहाणपणाची. कोचीसारख्या शहरात मात्र गाडीवाल्याशी आधी फोनवर बोलावे, जहाजाचे नाव व वेळ सांगावी, आहाराचे नियम समजावावेत आणि बहुतांश रक्कम सहल संपल्यावर द्यावी. संकेतस्थळावरून घ्यायचेच असेल, तर प्रत्यक्ष गाडी कोणाची आणि जहाजाची वेळ बदलली तर पैशाचे काय, हे लेखी विचारून घ्यावे.

घरी आल्यावर मी तक्रार केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याच्या आत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. वेळ आली तर बीडच्या आयोगात येईन, असे मी लिहिले. गाडीवाल्याचा दोष नाही, हेही स्पष्ट लिहिले. तीन आठवड्यांत संपूर्ण रक्कम खात्यात जमा झाली.

व्यवहार येथे संपला असता. परंतु मन मानेना, म्हणून गाडीवाल्याला फोन केला. त्याने संकोचत सांगितले की त्याला मिळालेले पैसे पुढच्या हिशेबातून कापून घेतले गेले. म्हणजे माझ्या खात्यात जमा झालेल्या रकमेत त्या सकाळी तासभर ताटकळलेल्या माणसाच्या घामाचे पैसे होते. न दिलेले घेऊ नये, हे व्रत आपण प्रवचनात ऐकतो. येथे ते बँकेच्या नोंदीत समोर आले होते. त्याचा वाटा मी त्याच दिवशी त्याला थेट पाठविला.

संध्याकाळी हिशेब लिहिताना चिरंजीवांनी विचारले, ‘बाबा, ही रक्कम कोणत्या खाती टाकू? दान म्हणून?’

‘दान नव्हे,’ मी म्हणालो, ‘देणे होते. गाडीभाडे म्हणून लिही.’