ठमी, मुळशी आणि पावणेतीनशेचा पाइप

‘‘अजून चालते ही?’’

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा हप्त्यांवर असते, चकचकीत असते आणि ठमीच्या शेजारी उभी केल्यावर हत्तीसारखी दिसते. ठमी म्हणजे माझी मारुती ८००. २००४ची, पांढरी, मागच्या काचेवर आधीच्या मालकाने लावलेल्या ‘आईचा आशीर्वाद’सकट. २०२१च्या जूनमध्ये ६२ हजारांना घेतली. मी तिची तिसरी मालकीण.

चार वर्षं हा प्रश्न मी हसून सोडून दिला. पण गेल्या वर्षी बाळ झालं आणि हाच प्रश्न घरात आला. नवरा एका रात्री सहज म्हणाला, ‘‘तू ऑफिसला जातेस ते ठीक आहे गं. पण पिल्लूला घेऊन कोकणात जायचं तर... हिच्यातून?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ठरलं, ठमीची एक परीक्षा घ्यायची. पिल्लू आजीकडे, आम्ही दोघं ठमीत आणि रूट आपला घरचाच: कोथरूड, पौड, मुळशी, ताम्हिणी आणि परत. जाऊन-येऊन साधारण सव्वाशे किलोमीटर.

मुळशी म्हणजे नक्की कुठे?

आपण ‘मुळशीला जाऊ या’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर धरण, भजी आणि धबधबा येतो. पण हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांनो, तुम्ही रोजच मुळशीला जाता! हिंजवडी आणि माण मुळशी तालुक्यातच येतात. लवासाही इथलंच. एकाच तालुक्यात एका टोकाला आयटी पार्क, दुसऱ्या टोकाला अंधारबनचं जंगल आणि मध्ये पौडची तहसील कचेरी.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार होता, २०२५चा. सकाळी साडेसहाला निघालो. चांदणी चौकात आता जुना पूल नाही. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये तो पाडला आणि २०२३च्या ऑगस्टपासून नवीन उड्डाणपूल सुरू झाला, त्यामुळे सुरुवात तरी सुसाट झाली. भूगावला नेहमीची गर्दी, मग पिरंगुटचा छोटा घाट. तिथे मी दुसरा गिअर टाकला आणि ठमी कुरकुर न करता चढली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. घाईत असाल तर हे इंजिन तुमच्यासाठी नाही. पण गाडी हलकी असल्यामुळे चढावर ती वाटते त्यापेक्षा जास्त हुशार आहे.

पौडला वडापाव-चहा झाला. नवऱ्याने डॅशबोर्डवर हात फिरवत कबूल केलं, ‘‘बरी चाललीय की!’’ मी मनात म्हटलं, अजून घाट बाकी आहे बाबा.

धरणाच्या काठाने

माले गाव मागे पडलं की डाव्या-उजव्या हाताला पाण्याचे फाटे दिसायला लागतात आणि पुढचे कित्येक किलोमीटर ते आपली सोबत सोडत नाहीत. सप्टेंबरअखेरीस मुळशी सर्वांत देखणी असते असं माझं ठाम मत आहे. पावसाळी पर्यटकांचा गोंगाट ओसरलेला, भात पोटरीला आलेला, उतारांवर सोनकीची पिवळी चादर.

पाणी इतकं शांत दिसतं की त्याखाली काय आहे ते विसरायला होतं. हे धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं. जमिनी जाणार म्हणून मावळ्यांनी १९२१मध्ये सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह उभारला. धरणाविरुद्धच्या देशातल्या पहिल्या संघटित लढ्यांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. लढा हरला, गावं पाण्याखाली गेली. पूर्वेला भीमेकडे जाणारं मुळेचं पाणी सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याला सोडलं गेलं आणि १९२७पासून तिथल्या वीजघरातून मुंबईला वीज जाऊ लागली. म्हणजे ही सगळी व्यवस्था शंभरीला टेकली आहे आणि अजून कामावर आहे. ‘जुनं झालं की टाकून द्यायचं’ हा नियम सगळ्यांना लागू नसतो, एवढं मनात नोंदवून मी पुढे निघाले.

आणि मग काटा वर गेला

ताम्हिणीच्या अलीकडचा चढ. नवरा खिडकीतून व्हिडिओ काढत होता. मी सवयीने टेम्परेचरच्या काट्याकडे पाहिलं. नेहमी अर्ध्याच्या खाली असणारा काटा पाऊण झाला होता. बॉनेटच्या फटीतून एक पांढरी रेघ निघाली. वाफ!

मी लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. नवरा तावातावाने बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मी ओरडले. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. मोबाइलला रेंज नव्हती. ताम्हिणीत ती असलीच तर पाहुण्यासारखी येते. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं आणि मध्ये ठमी, चहाच्या किटलीसारखी फुसफुसणारी.

तेव्हा मला खरं काय वाटलं सांगू? मागच्या सीटवर पिल्लू असतं तर? दुधाची बाटली, दुपारचं ऊन, भोंगा पसरलेला... नवरा काहीच बोलला नाही. तो बोलला नाही हेच जास्त लागलं.

अर्ध्या तासाने एक पिकअप थांबला. चालक दादांनी इंजिनात डोकं घातलं आणि दोन मिनिटांत रोग सांगितला. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप तोंडाशी, क्लिपेजवळ चिरला होता. त्यांनी पान्याने क्लिप सोडवली, चिरलेला इंचभर तुकडा ब्लेडने कापला, उरलेला पाइप ताणून पुन्हा बसवला आणि क्लिप आवळली. इंजिन पुरतं निवल्यावर ओहोळाचं दोन बाटल्या पाणी भरलं. ‘‘हिटर फुल चालू ठेवा, काचा खाली आणि पौडपर्यंत सावकाश जा,’’ एवढं सांगून दादा निघाले. पैसे घेतले नाहीत. हिटरमुळे इंजिनची उष्णता गाडीत येते आणि इंजिनला थोडा आराम मिळतो. आम्हाला मात्र घामाच्या आंघोळी!

पौडचा निकाल

पौडच्या गॅरेजवाल्या काकांनी तो पाइप काढून माझ्या हातात दिला. दाबला तर बिस्किटासारखा कडकडला.

‘‘ताई, हा कधी बदललेला?’’

‘‘आठवत नाही.’’

‘‘आणि कूलंट?’’

‘‘पाणी घालते मी. नळाचं.’’

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘मग गाडीला कशाला नावं ठेवायची? पाइप कधीचाच गेलेला. तुम्हाला आज कळलं एवढंच.’’

बिल झालं ९४० रुपये. पाइप २८०, क्लिपा ६०, कूलंट ३५०, मजुरी २५०. जुन्या गाडीबद्दल चार वर्षांत मी जे शिकले नव्हते, ते त्या पाइपने शिकवलं. इंजिन किलोमीटरने म्हातारं होतं, रबर वर्षांनी. गाडी कमी चालली म्हणून पाइप, पट्टे, बुश आणि टायर तरुण राहत नाहीत. उलट उभ्या गाडीचं रबर जास्त लवकर कडक होतं.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ठमीसारख्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच अशा चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के घटेल असं म्हटलं होतं आणि काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असं पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५मध्ये मान्य केलं. माझा अनुभव तसाच. साडेसोळाचं अ‍ॅव्हरेज साडेपंधरावर आलंय. काकांनी त्याच दिवशी पेट्रोलचे पाइपही तपासले.

हिशेब, खरा खरा

घरी आल्यावर मी डायरी काढली. चार वर्षं, २० हजार किलोमीटर.

पहिल्या वर्षी ३४ हजार गेले. चार टायर १२ हजार, बॅटरी साडेतीन, क्लच साडेसहा, ब्रेक आणि सस्पेन्शन सात, ऑइल-फिल्टर-बेल्ट पाच. सेकंडहँड गाडीची किंमत म्हणजे घेतानाची रक्कम अधिक हे पहिलं वर्ष, असंच धरा. पुढच्या तीन वर्षांत मिळून ४१ हजार. थर्ड पार्टी इन्शुरन्स वर्षाला अडीच हजारांच्या आसपास. २०२४मध्ये पुन्हा पासिंग केलं, त्याची फी ५ हजार, पर्यावरण कर ३ हजार आणि त्याआधीचं पत्रा-रंगकाम साडेसहा हजार. २०२२च्या एप्रिलपर्यंत हीच फी ६०० होती. २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती १० हजार झाली आहे, म्हणजे २०२९मध्ये माझी पाळी!

बेरीज: पेट्रोल सोडून एक लाख. महिन्याला २,१०० रुपये. पेट्रोल धरलं तर महिन्याला ४,८०० आणि किलोमीटरला साधारण साडेअकरा रुपये. आता सात लाखांच्या नव्या गाडीसाठी साडेपाच लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर नुसता हप्ताच ११,४००. अर्थात हप्ते संपल्यावर हातात तीन-चार लाखांची गाडी उरते आणि ठमीचे आज तीस हजार आले तरी खूप, हेही हिशेबात धरायला हवं. तरीही पैशांच्या परीक्षेत ठमी पास.

आणि भरवशाचं काय? चार वर्षांत ती मला रस्त्यात तीनदा सोडून बसली. एकदा बॅटरी, एकदा क्लचची केबल, एकदा हा पाइप. तिन्ही वेळा वस्तूने आधी इशारा दिला होता आणि मी तो ऐकला नव्हता. म्हणजे इथे नापास कोण, हे काकांनी सांगितलंच आहे.

पण...

डायरी मिटताना एक रकाना रिकामा राहिला. ठमीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, बाळाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक नाहीत. नव्या गाड्यांत एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२२पासून. ठमी त्याच्या कितीतरी आधीची. ताम्हिणीच्या वळणावर समोरून येणारी गाडी आपल्या लेनमध्ये घुसली तर माझ्या डायरीतला एकही आकडा उपयोगाचा नाही. पाइप २८० रुपयांत बदलता येतो, हे बदलता येत नाही.

नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, ‘‘तुझं बरोबर होतं. पण कारण चुकीचं होतं. ठमी बंद पडेल म्हणून नाही, काही झालं तर ती पिल्लूला वाचवू शकणार नाही म्हणून.’’

आता आम्ही पाच-सहा वर्षं जुनी, दोन एअरबॅगची हॅचबॅक शोधतोय. पुन्हा सेकंडहँडच! घाट, हायवे आणि पिल्लू तिच्याकडे. कोथरूड ते बावधन ऑफिसचा रस्ता, जिथे तसंही कुणी तिशीच्या वर जात नाही, तो ठमीकडे.

परवा पार्किंगमध्ये पुन्हा तोच प्रश्न आला. ‘‘अजून चालते ही?’’

म्हटलं, ‘‘चालते. पाइप बदललाय.’’

जुनी गाडी घेऊन ताम्हिणीला जाताय?

- सगळे रबरी पाइप थंड इंजिनवर दाबून बघा. कडक, फुगलेले किंवा चिकट लागले तर बदला. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, कूलंटच हवं.
- टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर घाटात नको.
- उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरा, ब्रेक तापणार नाहीत.
- टाकी पौडलाच बघा. पुढे पंप आणि रेंज दोन्हींचा भरवसा धरू नका.
- डिकीत दोन बाटल्या पाणी, पान्याचा सेट, जादा क्लिपा आणि टॉर्च.
- आरसी, पीयूसी आणि इन्शुरन्सच्या तारखा निघण्याआधी तपासा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची आरसी दर पाच वर्षांनी संपते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.