बार्शीची वाट

बार्शी म्हटले की बहुतेकांना भगवंताचे मंदिर आठवते, नाहीतर धान्याचा अडत बाजार. आमच्या ढोकी-येडशीच्या पट्ट्यात मात्र या गावाच्या नावाला आणखी एक अर्थ आहे. "त्यांना बार्शीला नेलंय" एवढे कुणी सांगितले की समोरचा माणूस गप्प होतो. पुढे काही विचारत नाही, फक्त "अल्लाह शिफा देवो" म्हणतो. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारलेला नसतो, तरी सगळ्यांना कळलेले असते.

गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्या एका खालांसोबत मी ही वाट अनेकदा केली. शाळेच्या सुट्ट्या, रविवार आणि उरलेल्या किरकोळ रजा त्यात गेल्या. जाता-येता जे पाहिले आणि नंतर वाचून जे समजले, ते आपल्या घरांतल्या बायकांच्या कामाचे आहे, म्हणून लिहिते आहे.

लातूरहून बार्शीला जाणारी एसटी ढोकी, येडशी, पांगरी अशी जाते. येडशीला रामलिंगाचे जंगल आहे. पावसाळ्यात ते हिरवेगार असते, उन्हाळ्यात सागाची पाने गळून उघडे पडते. पुढे बालाघाटाचे डोंगर मागे पडतात आणि पांगरीच्या अलीकडे जिल्हा बदलतो. धाराशिव संपून सोलापूर सुरू होते, मराठवाडा संपून पश्चिम महाराष्ट्र लागतो. एके काळी हीच निजामाच्या राज्याची आणि इंग्रजांच्या मुलखाची हद्द होती. १८९७ साली कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे सुरू केली आणि पुढे ती हद्द ओलांडून लातूरपर्यंत नेली. आमच्याकडची जुनी माणसे अजून त्या छोट्या गाडीच्या आठवणी सांगतात. माल आणि माणसे हद्दीपलीकडे नेण्याची या गावाला जुनी सवय आहे, असे म्हणायला हरकत नाही.

नर्गिसच्या नावाचा दवाखाना

बार्शीत आगळगाव रस्त्यावर नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. नर्गिसचे मूळ नाव फातिमा रशीद. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी तिला न्यूयॉर्कपर्यंत नेऊन उपचार केले होते. ३ मे १९८१ रोजी ती वारली. ज्यांना न्यूयॉर्क सोडाच, परळचे टाटा हॉस्पिटलही लांब पडते, त्यांच्यासाठीच्या दवाखान्याला तिचे नाव आहे, हे मला योग्य वाटते.

दवाखान्याच्या आवारात बसले की आजूबाजूच्या तालुक्यांची बोली कानावर पडते. परांडा, भूम, कळंब, माढा. कुणी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा सोडलेला असतो, कुणी झाडाखाली चादर अंथरून आडवे झालेले असते. डोक्यावर पदर घेतलेल्या आणि बुरखा घातलेल्या बायका एकमेकींना "तुमचा कितवा शेक?" असे विचारतात. रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात, कुणी "लाईट" म्हणतात.

दोन जिल्ह्यांची एक वही

१९८७ साली बार्शीत देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरातल्या नोंदणीत दवाखान्यात आलेल्या रुग्णांची नावे लिहून घेता येतात. खेड्यात तसे चालत नाही, कारण रुग्ण दवाखान्यापर्यंत येतच नाही. म्हणून इथले कर्मचारी स्वतः गावोगावी जाऊ लागले. पारावर, दारात, विहिरीवर लोकांशी बोलायचे, कुणाला गाठ आहे का, कुणाच्या अंगावरून अवेळी जाते का, कुणाच्या तोंडातली जखम भरत नाही का, हे विचारायचे आणि अशा माणसाला तपासणीसाठी दवाखान्यात आणायचे. या नोंदणीत बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके घेतले. यातला बार्शी सोलापूर जिल्ह्यातला, बाकीचे दोन धाराशिवचे. कागदावर जिल्हे वेगळे असले तरी वही एक ठेवली गेली.

गावोगाव बोलणे झाल्यावर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, असे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. नवे औषध किंवा नवे यंत्र येण्याआधीच हा फरक पडला होता.

उशीर कुठे होतो?

खालांना पाळी बंद होऊन सहा वर्षे झाली होती, आणि पुन्हा अंगावरून जायला लागले. त्यांनी दोन महिने कुणाला सांगितले नाही. सुनेला कळले तेव्हा एका डॉक्टरांकडे नेले. तिथे तपासणी न करताच गोळ्या मिळाल्या, त्यात आणखी दीड महिना गेला. मग दुसऱ्या एका दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांत येईल म्हणाले, तो तेविसाव्या दिवशी मिळाला. तोही आपणहून कुणी कळवला नाही, मुलगा चौथ्यांदा विचारायला गेला तेव्हा हातात पडला. पुढे कुठे जायचे, हे रिपोर्टवर लिहिलेले नव्हते.

त्यानंतर नावाचा घोळ निघाला. रेशनकार्डावर खालांच्या नावापुढे "बी" होते, आधारवर "बेगम", आणि रिपोर्टवर आडनाव आधी, नाव नंतर. आपल्या किती घरांत हीच गोष्ट आहे! सरकारी योजनेची मंजुरी या एका शब्दासाठी अडली आणि दुरुस्तीत अकरा दिवस गेले.

यात एकट्या कुणाचा फार मोठा दोष दिसत नाही. प्रत्येकाने थोडा थोडा वेळ घेतला. पण सगळ्यांची बेरीज केली तर सुमारे साडेचार महिने होतात, आणि ही बेरीज करणारे कुणीच नव्हते. आजार मात्र सगळे दिवस मोजत असतो. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. कॅन्सरची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली तर मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून आणि आतून दिला जाणारा शेक मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपावा, असे डॉक्टर सांगतात. मध्ये खंड पडला तर फायदा कमी होतो. म्हणजे उपचार लवकर सुरू होणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते सलग होणेही.

आवारात एक बाई भेटली. तिला वर्षभरापूर्वीच तपासायला सांगितले होते. पण दसऱ्यानंतर टोळी ऊसतोडीला निघाली, मुकादमाची उचल घेतलेली होती, ती कोयता घेऊन निघून गेली. पाच-सहा महिन्यांनी परत आली तेव्हा आजार पसरला होता. आता दुखणे कमी करण्याचेच उपचार चालू होते. ऊसतोडीचा हंगाम कधी सुरू होतो हे आमच्या भागात लहान मुलालाही माहीत आहे. तपासणीच्या तारखा त्याच्या आधी ठेवणे आणि बाई बाहेरगावी गेली तर तिथल्या आरोग्य केंद्राला कळवणे, एवढी सांगड घातली गेली असती, तर कदाचित तिची गोष्ट वेगळी झाली असती.

एका तपासणीचा फरक

आमच्याच जिल्ह्याने, तेव्हाच्या उस्मानाबादने, साऱ्या जगाला एक गोष्ट शिकवली आहे. १९९९ पासून इथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. टाटा हॉस्पिटल, बार्शीचा दवाखाना आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, त्या सुमारे ३४ हजार बायकांपैकी आठ वर्षांत ३४ जणी या कॅन्सरने दगावल्या. जिथे अशी तपासणी दिली नव्हती, त्या सुमारे ३१ हजारांपैकी ६४. जवळजवळ दुप्पट. त्या गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर नंतर वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

हा फरक नुसत्या तपासणीने पडला नाही. गावात तपासणी करणाऱ्या प्रशिक्षित नर्सबाई होत्या. बाईने बाईला तपासायचे म्हटल्यावर पडद्यातल्या स्त्रियांचाही संकोच कमी होतो. जिच्यात दोष निघाला तिला पुढची तपासणी आणि उपचार मिळतील, अशी व्यवस्था आधीच ठरलेली होती. गाव, नर्स आणि दवाखाना एका दोरीत बांधलेले होते.

आता ३० वर्षांवरील प्रत्येकीची तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी उपकेंद्रातून मोफत करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई घरोघरी त्याचा फॉर्म भरतात. २०१२ पासून टाटाच्या पुढाकाराने देशभरच्या कॅन्सर केंद्रांचे एक जाळेही उभे राहिले आहे, जेणेकरून गावाजवळच्या केंद्रातही मुंबईसारखेच ठरलेले उपचार मिळावेत. ज्यांना मुंबईला जावे लागते, त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखे आसरे आहेत, पण परळच्या फुटपाथवर झोपणारेही कमी नाहीत. सगळ्यांनी तिथेच जावे, याला काही अर्थ नाही. अडते ते मधल्या टप्प्यात. उपकेंद्रात दोष सापडला तर तालुक्याला कोण कळवणार, तालुक्यातून बार्शीला तारीख कोण घेणार, आणि बाई आलीच नाही तर तिच्या दारात कोण जाणार? प्रत्येक तालुक्यात हे काम एका ठरावीक माणसाच्या नावावर हवे. तीन तालुक्यांत ते १९८७ पासून करता येते, तर बाकी ठिकाणी का नाही?

घरातून काय करता येईल?

व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर भगिनींनो, एवढे करा. पाळी बंद झाल्यावर अंगावरून जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, स्तनातली गाठ, तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम, यांपैकी काहीही असेल तर लपवू नका. गोळ्या देण्याआधी तपासायला सांगा. आशाताईंचा फॉर्म "आम्हाला काही नाही" म्हणून परत पाठवू नका. घरातल्या सगळ्या बायकांची नावे आधार, रेशनकार्ड आणि बँकेच्या पासबुकात एकसारखी आहेत का, ते आजारपण येण्याआधीच बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, आधी त्याला भेटा.

आणि एक वही करा. पहिले लक्षण कधी दिसले, तपासणी कधी झाली, रिपोर्ट कधी मिळणार होता आणि कधी मिळाला, हे तारखेनिशी लिहा. रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी आला नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा. घरातल्या शिकलेल्या मुलीवर किंवा मुलावर हे काम सोपवा. खालांच्या नातीने, माझ्या नववीच्या विद्यार्थिनीने, ती वही ठेवली होती. शेकाचे सगळे दिवस, एकही न चुकता, त्यात लिहिलेले आहेत. उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण झाले. आता खाला दर तीन महिन्यांनी दाखवायला बार्शीला जातात, आणि पुढची तारीख नातीने आधीच लिहून ठेवलेली असते.