मोडकी मोटारबोट घेताना आधी तळ बघा



आज पिकाचं नाही, बोटीचं लिहितोय. आमच्या गास गावात पाच घरांनी मिळून १४ फुटी फायबरची मोडकी बोट मशीनसकट घेतली. बागायतदारांना बोट कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर सांगतो.

आमचा पट्टा सखल. शेजारचं सोपारा हे एके काळचं मोठं बंदर, तेव्हा खाडी आतपर्यंत येत होती. आता गाळ साचला, भराव पडले. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की नाल्याचं पाणी खाडीत उतरतच नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येऊन गाड्या बंद पडल्या, एनडीआरएफच्या जवानांना बोटी घेऊन यावं लागलं. त्याच दिवसांत आमच्या आळीतल्या एका आजींना डायलिसिसला न्यायचं होतं. केळीचे खांब बांधून तराफा केला आणि चार पोरांनी छातीभर पाण्यातून ढकलत त्यांना पक्क्या रस्त्याला लावलं. आजी वेळेत पोचल्या. पण दर पावसाळ्यात नशिबावर किती दिवस राहायचं?

बोट अर्नाळ्याच्या एका कोळी काकांकडे मिळाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून दुरुस्त होतात. आम्ही त्याआधीच, मार्चमध्ये गेलो.

मी विचारलं, "काका, मशीन फिरतं का?"

काका म्हणाले, "मशीनचं सोड रे. मशीन बदलता येतं. आधी तळ बघ."

बैल घेताना आपण आधी खूर बघतो, तसंच हे. त्यांनी दाखवलं ते असं :

१) हातोडीच्या दांड्याने सगळा तळ ठोकायचा. टणटणीत आवाज आला तर माल चांगला. भद्द आवाज आला तर आत पाणी शिरलंय किंवा थर सुटलेत.

२) मशीन बसतं ती मागची फळी. वरून फायबर, आत प्लायवूड. बोल्टच्या भोकातून पाणी शिरून आतलं लाकूड कुजतं. मशीन धरून मागेपुढे हलवायचं, फळी लवली तर ती गेली. आमची गेली होती, ते धरूनच भाव ठरला.

३) मशीनच्या खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून बघायचं. दुधाळ असेल तर सील गेलंय, आत पाणी आहे.

४) वरचं चाक हाताने फिरवायचं. अजिबात फिरत नसेल तर मशीनची किंमत भंगारात धरायची.

दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यात उरकली. ओल असली की फायबर नीट धरत नाही. तडा गेलेल्या जागेच्या कडा उतार देऊन घासल्या. तळ ५ मिमी जाड असेल तर उतार साधारण ६० मिमी, म्हणजे जाडीच्या १२ पट. नुसतं वरून ठिगळ मारलं तर ते सुटतं. मग फायबर मॅट आणि रेझीनचे थर. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. घासताना तोंडाला मास्क पाहिजेच.

मशीन टू-स्ट्रोक, म्हणजे आपल्या पॉवर स्प्रेयरचाच थोरला भाऊ. पेट्रोलमध्ये ऑइल मशीनवर दिलेल्या प्रमाणात. आमचं ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. थंड पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र नवीन टाकलं. मशीन चालू असताना मागून पाण्याची धार पडली पाहिजे. थांबली तर लगेच बंद करा. खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्याच्या पिंपात थोडा वेळ चालवायचं, नाहीतर आत मीठ धरतं.

हिशोब : बोट-मशीन ३२,०००, मॅट-रेझीन ९,५००, प्लायवूड २,२००, सुटे भाग ६,८००, मेकॅनिक ४,०००. एकूण ५४,५०० रुपये. घरटी १०,९००. नवीन घ्यायचं तर नुसतं मशीनच लाखाच्या पुढे जातं.

बोटीचे कागद मागून घ्या. मशीनच्या बोटीला नोंदणी लागते, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यातही ते आहे. माणशी एक लाइफ जॅकेट ठेवा. पुराच्या पाण्यात बांध, कुंपणाच्या तारा दिसत नाहीत, म्हणून वाडीत मशीन वर उचलून बांबूनेच ढकलायचं. विजेचा खांब पडलेला असेल तिकडे जायचंच नाही. आणि चालवायला येणारी माणसं निदान तीन पाहिजेत, एकच असला आणि तोच नेमका आजारी पडला तर?

बोटीने पीक वाचत नाही, हेही सांगतो. पाणी तुंबून राहिलं की केळीची मुळं कुजतात, मोगरा पिवळा पडतो. त्याला नाले आणि खाडी मोकळी करणं हाच उपाय, तो तगादा चालूच ठेवायला हवा. तोवर आळीतलं आजारी माणूस, बाळंतीण, दुधाची कासंडी बाहेर काढायला एक साधन आपल्या हाताशी राहील.

तुमचं गावही असं पाण्यात जात असेल तर चार घरं एकत्र या. बोट बघायला जाताना हातोडी घेऊन जा.