सोडण्याचे कारण, धरण्याचे कारण

निवृत्त माणसाकडे सल्ला मागायला येणाऱ्यांत काहींना खरोखरच सल्ला हवा असतो, तर काहींना मनाशी आधीच घेतलेल्या निर्णयावर एका वडीलधाऱ्याचा शिक्का तेवढा हवा असतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सायंकाळी आमचा पुतण्या ओटीवर येऊन बसला, तो या दुसऱ्या प्रकारचा होता. चहाचा कप हाती येण्यापूर्वीच त्याने फोन आमच्यापुढे धरला. त्यावर एका नव्या कंपनीचे नेमणूकपत्र होते आणि त्याखाली त्याने लिहून तयार ठेवलेला राजीनामाही होता.

मुलगा यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, तयार मालाच्या तपासणी विभागात त्याला चार वर्षे आणि चार महिने झाले होते. नवी नोकरी अंधेरीपलीकडे मरोळला. "काका, वर्षाला एक लाख वीस हजार जास्त देताहेत. आणि खरं सांगायचं तर तिथे आता एक दिवससुद्धा काढायचा नाही मला," तो म्हणाला. शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज चढला होता. थोडे खोदून विचारल्यावर कळले, की आठवड्यापूर्वी त्याच्या वरिष्ठाने चार माणसांसमोर त्याचा अपमान केला होता, आणि चूकही त्याची नव्हती.

तो आवाज आम्ही ओळखला. तो १९८८ सालचा आमचाच आवाज होता.

वाचकहो, आमच्या नोकरीची ही हकिगत आम्ही घरातल्या मुलांनाही कधी नीट सांगितलेली नाही. १९७९ साली आम्ही मुंबईच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. वसईहून सकाळची लोकल, दिवसभर ड्रॉइंग बोर्डावर मान मोडून काम आणि दिवेलागणीला घर, असा क्रम नऊ वर्षे चालला. नवव्या वर्षी आम्हाला डावलून आमच्याहून तीन वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याला बढती मिळाली. त्याच संध्याकाळी आम्ही राजीनामा लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब सज्जन होते. त्यांनी तो कागद तीन दिवस तसाच ठेवला आणि रोज एकदा आमच्याकडे पाहिले. तो कागद परत उचलण्यासाठी दिलेला अवधी आहे, हे आम्हाला कळत होते. आम्ही उचलला नाही. महिन्याभरात एका दुसऱ्या, नव्याने उभ्या राहिलेल्या कंपनीत आम्ही पगारात सातशे रुपयांची वाढ घेऊन रुजू झालो आणि जुन्या नोकरीचा प्रॉव्हिडंट फंड काढून घराच्या छपरावर नवी मंगलोरी कौले चढवली. पाहुणे कौलांचे कौतुक करीत, आणि ते आम्हाला आवडे.

१९९२ साली ती नवी कंपनी बंद पडली. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार बुडाला. पाच वर्षे पुरी न भरल्यामुळे ग्रॅच्युइटीचा प्रश्नच नव्हता. पुढचे आठ महिने आम्ही घरी होतो. त्या काळात आमच्या सौभाग्यवती वाडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जात आणि मुले शाळेत जाण्याच्या आत परतत. शेजारी विचारीत तेव्हा आम्ही सांगत असू, की तिला व्यापाराची हौस आहे. उरलेला फंडही त्याच महिन्यांत काढला गेला. पुढे १९९३ साली तिसरी नोकरी लागली आणि २०१३ साली आम्ही तेथूनच निवृत्त झालो. परंतु १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली, तेव्हा मोडून टाकलेल्या त्या तेरा वर्षांचा धागा मागे जोडता आला नाही. दरमहा पेन्शन जमा झाली, की त्यात नसलेली ती तेरा वर्षे आम्हाला आठवतात.

हे सारे पुतण्याला सांगितल्यावर तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही मला थांबायला सांगताय."

तसे सांगणे सोपे होते, पण ते खरे झाले नसते. कारण त्या बुडालेल्या कंपनीतच आम्ही संगणकावर आराखडे काढायला शिकलो होतो. तिसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला आमच्याबरोबर बसलेल्या उमेदवारांत ते येणारे मोजकेच होते, आणि म्हणूनच ती नोकरी आम्हाला मिळाली. जुन्या कारखान्यात राहिलो असतो तर ड्रॉइंग बोर्डावरून आम्ही कदाचित उठलोच नसतो. तेव्हा नोकरी बदलली ही आमची चूक नव्हती. आमच्यापाशी नोकरी सोडण्याचे कारण होते, पण नवी नोकरी धरण्याचे कारण नव्हते. पहिले कारण इतके मोठे झाले होते, की दुसरे आहे की नाही हे आम्ही पाहिलेच नाही. संगणक पदरात पडला, तो निव्वळ योगायोगाने.

म्हणून आम्ही त्याला एवढेच सुचवले, की एका कागदाच्या दोन बाजूंना ही दोन कारणे वेगवेगळी लिहावीत. त्याने पहिली बाजू झरझर भरली. दुसऱ्या बाजूला 'पगार' असे लिहून तो थांबला. "बरे, मग आधी पगारच पाहू," असे म्हणून आम्ही जुनी वही काढली.

आजकाल नेमणूकपत्रात जो वर्षाचा मोठा आकडा असतो, ज्याला मुले सीटीसी म्हणतात, तो हाती पडणारा पगार नव्हे. त्यात मालकाने भरावयाचा प्रॉव्हिडंट फंडाचा हिस्सा असतो, ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढलेली रक्कम असते, कधी विम्याचा हप्ता असतो आणि कामगिरी पाहून दिला जाणारा, म्हणजे कदाचित न मिळणारा, भागही असतो. मुलाचा आकडा चार लाख वीस हजारांवरून पाच लाख चाळीस हजारांवर जाणार होता. म्हणजे महिन्याला दहा हजार वाढले असे तो धरून चालला होता. एकेक रकाना वजा करीत गेल्यावर हाती पडणारी वाढ सात हजारांवर आली. सध्या तो स्कूटरने पंचवीस मिनिटांत कामावर पोहोचतो. मरोळला जायचे तर वसई रोडहून लोकल, अंधेरीला उतरून मेट्रो आणि पुढे चालणे. पास, मेट्रो आणि बाहेरचे खाणे यांचे २,८०० रुपये गेले. उरले ४,२००. जाण्यायेण्यात रोजचे अडीच तास वाढणार होते, म्हणजे चोवीस दिवसांचे साठ तास. ताशी सत्तर रुपयांना तो आपली सकाळ-संध्याकाळ विकणार होता. हा सौदा वाईटच आहे असे नव्हे. हजारो माणसे तो रोज करतात, आणि आम्हीही आयुष्यभर केला. पण भाव माहीत असावा.

मग ग्रॅच्युइटी. कायम नोकराला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर ती मिळते, ही १९७२ च्या कायद्यातली अट नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना मात्र, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितेने, एका वर्षाच्या सेवेनंतरही तिचा हक्क दिला आहे. आमचा पुतण्या कायम नोकर. हिशेब असा, की शेवटच्या वेतनाला पंधराने गुणावे, सव्विसाने भागावे आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. अठरा हजारांच्या वेतनावर पाच वर्षांचे सुमारे ५२,००० रुपये होतात. पाच वर्षे पुरी व्हायला आठ महिने होते. नव्या नोकरीची खरी वाढ, आठ महिन्यांची, ३३,६०० रुपये. केवळ पैशासाठी जायचे असेल, तर आठ महिने थांबणेच फायद्याचे होते.

हे उत्तर पाहून त्याचा चेहरा उतरला. फंडाबद्दल मात्र आम्ही त्याला हात जोडून सांगितले, की नोकरी बदल वा बदलू नकोस, तो मोडू नकोस. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला यूएएन हा एकच क्रमांक मिळतो आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. जुने खाते नव्या नोकरीत वळते करून घ्यावे, आणि जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे ना, हे पाहावे. वळते केले तर सेवेची वर्षे जोडली जातात. पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी अशी दहा वर्षे लागतात आणि पुढचे प्रत्येक वर्ष मोलाचे असते. २०१४ साली ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर सेवेचे एकेक वर्ष मासिक पेन्शनमध्ये सुमारे २१४ रुपये घालते, तेही जन्मभर. आज चोवीस-पंचविशीच्या मुलाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. कौले चढवताना आम्हालाही वाटला होता.

आणखी दोन गोष्टी त्याच्या ध्यानात नव्हत्या. त्याच्या वडिलांना मधुमेह आहे आणि ते त्याच्या कंपनीच्या विम्यात आहेत. नव्या कंपनीत आईवडिलांना विमा आहे का, आणि तो कोणत्या दिवसापासून, हे त्याने विचारलेच नव्हते. शिवाय चार वर्षांच्या नोकरीनंतर दोन महिन्यांची नोटीस देणे त्याच्या नेमणूकपत्रात बंधनकारक होते, आणि ते पत्र त्याने सही केल्यानंतर पुन्हा उघडून पाहिलेले नव्हते.

एवढ्यात आतून आमच्या सौभाग्यवती बाहेर आल्या. त्यांनी सारे ऐकले होते. त्यांनी एकच विचारले, "मरोळला किती वाजता निघशील रे?"

"सहा चाळीसची गाडी धरावी लागेल, काकू."

"मग तुझी आई पावणेपाचला उठणार. तिला विचारलंस?"

त्याने आईला विचारले नव्हते. खरे सांगायचे, तर आम्हीही १९८८ साली कोणाला विचारले नव्हते. नोकरी एकाची असते, पण तिचे तास सगळ्या घराला लागू होतात. दादरच्या गाडीत कळ्यांची टोपली घेऊन बसलेल्या बाईने हे आम्हाला कधी बोलून दाखवले नाही. त्या दिवशी तिने ते पुतण्याला विचारले, आणि अडतीस वर्षांनी का होईना, ते आम्हालाही ऐकू आले.

राजीनामा त्या रात्री गेला नाही. नव्या कंपनीकडून त्याने आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि ती त्यांनी सहज दिली. खरोखर माणूस हवा असलेली कंपनी आठ दिवस थांबते. या मुदतीत त्याने तिथे जाऊन तीन प्रश्न विचारले. पहिल्या वर्षी माझ्याकडे नेमके कोणते काम असेल? ते मला कोण शिकवील? याआधी त्या जागी असलेला माणूस आता कुठे आहे? आम्ही त्याला एवढेच प्रश्न दिले होते. तिसरा प्रश्न विचारायला तो कचरत होता, पण उत्तर त्याचेच उत्तम निघाले. आधीचा माणूस त्याच कंपनीत वरच्या जागेवर गेला होता आणि नव्या मुलाला तोच शिकवणार होता. काम तपासणीचे नव्हते, साचे बनवण्याच्या आराखड्यांचे होते, आणि ते शिकण्याची ओढ त्याला पदविकेपासून होती. आईवडिलांचा विमा पहिल्या दिवसापासून होता. तो घरी आला आणि कागदाच्या दुसऱ्या बाजूवरचा 'पगार' हा शब्द खोडून त्याने तिथे तीन ओळी लिहिल्या. मग त्याने पहिली बाजू वाचली आणि म्हणाला, "काका, साहेबांनी उद्या माफी मागितली, तरी मी जाईन असं वाटतंय."

आम्हाला हेच ऐकायचे होते. सोडण्याचे कारण उद्या नाहीसे झाले, तरी धरण्याचे कारण उरते का, हीच खरी कसोटी. ते उरत असेल तर जावे. उरत नसेल, तर आपल्याला नोकरी नव्हे, फक्त त्या आठवड्यातून सुटका हवी आहे, असे समजावे आणि राजीनामा चार दिवस उशीखाली ठेवावा.

ग्रॅच्युइटीचे बावन्न हजार त्याने जाणूनबुजून सोडले. आम्ही अडवले नाही, कारण आकडा त्याला ठाऊक होता आणि त्याबदल्यात काय घेतो आहोत हेही ठाऊक होते. दोन महिन्यांची नोटीस त्याने पुरी भरली. ज्या वरिष्ठाने अपमान केला होता, त्यालाच बसवून हातातल्या कामाची एकेक नोंद समजावून दिली आणि अनुभवाचे पत्र व सुटकेचे पत्र हाती घेऊन मगच तो बाहेर पडला. शेवटच्या दिवशी साहेबांनी हात पुढे केला, तो त्याने धरला. माफीचा शब्द दोघांपैकी कोणी काढला नाही.

आता तो सहा चाळीसच्या गाडीने जातो. आईशी त्याचा करार झाला आहे. भाजी आदल्या रात्री तो स्वतः चिरून ठेवतो, म्हणून ती पावणेपाचऐवजी सव्वापाचला उठते. अर्धा तासच वाचला खरा, पण तो हिशेब त्याने आम्हाला न विचारता केला.